खंडेनवमीचा खटका

त्या पेटीनं एक लिंबाचं झाड मारलं होतं. माणूस मेला नाही म्हणून ती बातमीत गेली नाही, राजश्रीच्या टेबलावर आली.

आटपाडीकडच्या एका शीतगृहात गेल्या आठवड्यात व्हॉल्व्ह आपोआप उघडला आणि अमोनिया बाहेर पडला. सुट्टीचा दिवस, आवारात चिटपाखरू नव्हतं. ऑपरेटर तेवढा वाऱ्याच्या आडव्या दिशेनं पळाला म्हणून वाचला. कुंपणाजवळचा लिंब मात्र तासाभरात काळाठिक्कर पडला, वरून उकळतं तेल ओतल्यासारखा. त्याचा फोटो ऑपरेटरनं पाठवला होता आणि खाली एवढंच लिहिलं होतं, ‘मॅडम, ही तुमची पेटी.’

तिचीच होती. राजश्री कंपनीची सर्व्हिस इंजिनिअर. तासगावच्या पुढं माळवाडी रस्त्याला बेदाण्याची चाळीसेक शीतगृहं ओळीनं उभी आहेत, आणि त्या प्रत्येकात तिनं स्वतःच्या हातानं अशी पेटी बसवली होती. पेटी गारवा मोजते, दाब बघते, कॉम्प्रेसर चालवते, अमोनियाचे व्हॉल्व्ह उघडते आणि मिटते. पेटी येण्याआधी दर शीतगृहाला चार-चार ऑपरेटर असायचे आणि प्रत्येक व्हॉल्व्हला हातानं फिरवायचं लोखंडी चाक असायचं. पेटी आली, मालकांनी ऑपरेटर कमी केले. मग चाकंही काढली. फिरवणारा नाही तर चाक कशाला, असा हिशेब.

राजश्रीनं पेटी टेबलावर जोडली. चालू केली, बंद केली, पुन्हा चालू केली. दरवेळी शहाण्यासारखी सुरू झाली. वैतागून तिनं त्या ऑपरेटरला फोन लावला.

“नेमकं काय केलं होतंस रे?”

“काय न्हाई मॅडम. बॅटरी मेली होती, ती काढली. मेन टाकला. तेवढ्यात शेजारच्यानं त्याचा कॉम्प्रेसर चालू केला. बल्ब असे मंद झाले बघा, आणि हितं खट खट खट सुरू.”

तिनं ग्राइंडर उचलून त्याच लाइनीवर लावला. पेटी चालू करायची आणि त्याच घटकेला ग्राइंडर सुरू करायचा, असा खेळ मांडला. वर्कशॉपचे दिवे डोळे मिचकावत होते. बऱ्याच वेळा काही झालं नाही. आणि मग झालं.

खट. खट. खट.

व्हॉल्व्हांना वीज देणारे पेटीतले आठही रिले एकामागून एक लागले. पडद्यावर अक्षरं आली: फॅक्टरी टेस्ट.

राजश्री खुर्चीत मागं रेलली.

झालं होतं ते समजायला अवघड नाही. समजून घ्यायची इच्छा मात्र पाहिजे, आणि ती फार लोकांना नव्हती. अशा प्रत्येक चिपच्या पोटात एक पहारेकरी असतो. वीज आली की सगळ्यात आधी तो उठतो. पुढं जो प्रोग्राम चालायचा त्याच्यावर कंपनीचं खरं सील आहे का, हे तो तपासतो. सील खोटं असेल तर ‘नाही’ म्हणतो. याला सिक्युअर बूट म्हणतात. चोरानं स्वतःचा प्रोग्राम घुसवू नये म्हणून ही सगळी व्यवस्था. पण पहारेकरी म्हणजेही शेवटी विजेवर चालणारी आकडेमोड. नेमक्या त्या क्षणी वीज थोडी खचली की एक पायरी हुकते आणि ‘नाही’ म्हणायचं राहून जातं. ज्यांनी पहारेकरी घडवला त्यांनी तो असा घडवला होता, की तो काहीच बोलला नाही तर त्याचा अर्थ ‘हो’.

आणि हा पहारेकरी बदलता येत नाही. बाकीचे प्रोग्राम पाटीवर लिहिल्यासारखे असतात, पुसून नवे लिहिता येतात. हा चिपच्या सिलिकॉनमध्येच कोरलेला. चिप आहे तोवर चूक आहे.

आता चोर कोण? चोर नव्हताच. पेटीच्या मेमरीत दोन कप्पे होते. दुसऱ्या कप्प्यात रोजचा प्रोग्राम, पहिल्यात कारखान्यातला चाचणीचा. पेटी विकायला निघण्याआधी सगळे व्हॉल्व्ह उघडतात का हे बघायला तो चाचणीचा प्रोग्राम सगळे व्हॉल्व्ह उघडून ठेवतो. कारखान्यात त्या व्हॉल्व्हांना नुसती हवा जोडलेली असते. चाचणी झाली की तो प्रोग्राम पुसायचा, तर तो पुसायचा कंटाळा केला. सील रद्द केलं आणि पेटी पाठवून दिली. म्हणजे गेली तीन वर्षं प्रत्येक पेटी सुरू होताना पहारेकरी पहिल्या कप्प्याला ‘नाही’ म्हणत होता, तेव्हा कुठं दुसऱ्याची पाळी येत होती. माळवाडी रस्त्याचा जीव त्या एका ‘नाही’वर टांगलेला होता.

तिनं पुण्याला कार्लेकरांना फोन लावला. कार्लेकर कंपनीचे तांत्रिक प्रमुख. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. आधीच माहीत असलेला माणूस ऐकतो तसं.

“राजश्री, हे आहे आपल्या यादीत.”

“यादीत म्हणजे?”

“चिपवाल्यांना परदेशातल्या एका लॅबनं कळवलं होतं, दोनेक वर्षं झाली. पेटी उघडायची, तारा जोडायच्या, अचूक क्षणी झटका द्यायचा. हात लावल्याशिवाय होत नाही. म्हणून श्रेणी ‘कमी धोका’.”

“सर, मी पेटी उघडलीच नाही. मी शेजारी ग्राइंडर चालू केला.”

“तो अपवाद.”

“त्या लॅबमधली वीज इस्त्री केलेल्या कापडासारखी असते सर. आमच्याकडं कॉम्प्रेसर सुरू झाला की घरातले पंखे थांबतात. आणि वीज सांभाळायला बोर्डावर जो कपॅसिटर पाहिजे होता, तो आपण पैसे वाचवायला निम्म्या आकाराचा टाकलाय. हात लावायची गरज काय? हात आपणच लावून ठेवलाय.”

“आवाज खाली ठेव. पेट्या बदलायचं पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये आहे. तोपर्यंत बॅटरी आहे ना? वीज गेली तरी पेटी चालूच राहते. जी बंद होत नाही ती पुन्हा सुरू होताना चुकणार कशी?”

राजश्रीची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं गेली आणि तिथंच अडकली.

“उद्या सर.”

“उद्या काय?”

“उद्या खंडेनवमी.”

“हो की, सुट्टी आहे. मजा कर. आणि हे कुठं बोलू नकोस. गोपनीयतेच्या कागदावर सही आहे तुझी.”

पुण्यातल्या माणसाला खंडेनवमी म्हणजे सुट्टी. माळवाडी रस्त्याला त्या दिवशी यंत्राची पूजा असते, आणि पूजेचा तिथला नियम कडक. फार वर्षांमागं शिवगोंडा नावाचा ऑपरेटर कॉम्प्रेसरला हळदकुंकू लावत असताना यंत्र आपोआप सुरू झालं आणि त्याचा हात कोपरापासून गेला. तेव्हापासून पूजेला यंत्र मेल्यासारखं गप्प पाहिजे. मेनचा खटका खाली ओढायचा, बॅटरीची पिनसुद्धा उपसायची. आवारात एक दिवा लुकलुकता कामा नये. मग हार, नारळ, आरती. मुहूर्ताला असोसिएशनचा भोंगा वाजतो आणि सगळ्या रस्त्यावरचे ऑपरेटर खटका वर करतात. बॅटरीची पिन मागाहून, पेढे वाटून झाले की, सावकाश.

वर्षातनं एकदाच या पेट्या बंद होत होत्या. वर्षातनं एकदाच, बॅटरीविना, एका लाइनीवर, चाळीस कॉम्प्रेसरांच्या झटक्यात सुरू होत होत्या.

संध्याकाळी ती धनाजीकडं गेली. धनाजी तिचा धाकटा भाऊ, रस्त्याच्या मध्यावरच्या शीतगृहातला एकुलता एक ऑपरेटर. फडक्यानं कॉम्प्रेसर असा पुसत होता की त्यात तोंड दिसावं. त्याची बायको कल्पना दारात बसून झेंडूचे हार ओवत होती. ती शेजारच्या शेडबाळेंच्या शीतगृहात बेदाण्याच्या प्रतवारीवर कामाला होती आणि उद्या तिथल्या पंचवीस-तीस बायका पूजेला जमणार होत्या.

राजश्रीनं सगळं सांगितलं. धनाजीनं फडकं खांद्यावर टाकलं.

“आक्का, वर्षभर राबणाऱ्या गड्याला एक दिवस झोपवायचा, ती बी तुझ्या कंपनीला बघवंना व्हय?”

“धना, चेष्टा नको. मी डोळ्यांनी बघितलंय.”

“तीन खंडेनवम्या झाल्या की गं पेट्या बसून. काय झालं?”

हीच गोष्ट तिला दुपारपासून टोचत होती. तीन वर्षं हा सगळा रस्ता वाचला कसा?

“नशीब म्हण,” ती म्हणाली.

“वन्सं, आमच्यात तरी पूजा बंद ठेवा म्हणून सांगू का?” कल्पनानं विचारलं. “पण बाया ऐकायच्या न्हाईत. नव्या साड्या काढून ठेवल्यात सगळ्यांनी.”

धनाजी बहिणीच्या तोंडाकडं बघत होता. लहानपणापासून ती घाबरल्यावर हसते हे त्याला ठाऊक होतं. आता ती हसत होती.

“बरं,” तो म्हणाला. “माझ्यात मी पिन आधी लावीन. तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून. पण बाकीच्यांचं अप्पासाहेबांना विचार.”

अप्पासाहेब मगदूम असोसिएशनचे अध्यक्ष. भोंगा त्यांच्याच गच्चीवर, त्यांच्या वडिलांनी बसवलेला. माणूस आडमुठा नव्हता, ऐकून घेणारा होता. तेच जास्त अवघड असतं. त्यांनी चहा मागवला, सगळं शेवटपर्यंत ऐकलं.

“चालू यंत्राला कुंकू लावायला सांगतीस? शिवगोंडाचा हात मी उचलून पोत्यात घातलाय पोरी.”

“मग पिन तरी आधी लावा.”

“पिन लावली की पेटीचा दिवा लागतो. दिवा लागला की यंत्र जागं झालं. मुहूर्ताआधी जागं केलं तर पूजा कसली?” मग ते जरा पुढं झुकले. “तुझी कंपनी काय म्हणते?”

त्यांनीच फोन लावला, स्पीकरवर टाकला. कार्लेकरांचा आवाज मधासारखा आला. उपकरणं पूर्ण सुरक्षित आहेत साहेब. आमच्या राजश्री मॅडम फार कष्टाळू आहेत, जरा ताणात आहेत, त्यांना सुट्टीची गरज आहे. दसऱ्याच्या आगाऊ शुभेच्छा.

फोन बंद झाला.

“एवढं तरी करा,” ती म्हणाली. “सगळ्यांनी एकदम खटका टाकू नका. लाइन खचते ती त्यानंच. भोंगा वाजवू नका यंदा.”

अप्पासाहेबांनी बराच वेळ कप फिरवला. वडिलांचा भोंगा होता तो.

“तुझ्या बापानं माझ्याकडं आयुष्य काढलंय,” ते शेवटी म्हणाले. “एक वर्ष भोंगा न्हाई वाजला तर देव काय रुसत न्हाई. टाकतो ग्रुपवर.”

तिला पायरी उतरताना रडू फुटलं. भोंगा नाही म्हणजे कुणी आत्ता, कुणी मग, कुणी पेढा खाऊन. झटका विखुरला की पहारेकरी जागा राहील. घरी जाऊन तिनं जमतील तेवढ्या ऑपरेटरांना फोन केले. पण कंपनीचा संदेश तिच्या आधी पोचला होता. पणत्यांचं चित्र, खाली ओळ: अफवांवर विश्वास ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी माळवाडी रस्ता मुका झाला. वर्षभर तिथं घरघर असते, इतकी की लोकांना ती ऐकू येईनाशी झालेली असते. ती थांबली की कानात दडा बसल्यासारखं वाटतं. लोक उगाच हळू बोलायला लागतात. धनाजीच्या शीतगृहात राजश्री पेटीपाशी उभी होती, बॅटरीची पिन तिच्याच हातात. मालकाची माणसं आरती करून बाहेर पेढ्याच्या ताटाभोवती उभी होती. भिंतीपलीकडून शेडबाळेंकडच्या बायकांचं हसणं येत होतं, त्यात कल्पनाचं ओळखू येत होतं.

राजश्रीनं पिन लावली. दिवा लागला. धनाजीनं अंगानं तो दिवा झाकला आणि एक हात खटक्यावर ठेवला. दुसऱ्या हातात मोबाइल होता. तो त्याच्याकडं टक लावून बघत होता.

“काय बघतोस?”

“मुहूर्त.”

“कसला मुहूर्त? भोंगा नाही ना?”

“भोंगा न्हाई म्हणून मुहूर्त चुकवायचा व्हय? गुरुजींनी वेळ टाकलीय की ग्रुपवर, सेकंदासकट. अप्पासाहेबांनीच लिवलंय, भोंगा नाही, ज्यानं त्यानं आपापल्या घड्याळावर मुहूर्त साधावा. हे बघ.”

तिनं बघितलं. आणि तीन वर्षं रस्ता वाचला कसा याचं उत्तर तिला तिथंच मिळालं.

भोंगा अप्पासाहेबांच्या गच्चीवर, रस्त्याच्या एका टोकाला. आवाज काही उडी मारून पोचत नाही, चालत जातो. पहिल्या शीतगृहाला तो लगेच ऐकू यायचा, पार शेवटच्याला पोचायला दहा-बारा सेकंद लागायचे. खटके असे ओळीनं पडायचे, एकामागून एक, ढिलाईनं. त्या ढिलाईनं तीन वर्षं चाळीस शीतगृहं सांभाळली होती. मोबाइलचं घड्याळ ढिलं नसतं. सगळ्यांच्या हातातलं घड्याळ एकच असतं, आकाशातून चालणारं, क्षणाचाही फरक नसलेलं.

भोंगा तिनं बंद केला होता.

“धना, किती वेळ आहे?”

“मिनिटभर.”

तिनं अप्पासाहेबांना फोन लावला. वाजत राहिला. भोंगा वाजवा, आत्ता, मुहूर्ताआधी वाजवा, निम्मे तरी आवाजावर खटका टाकतील. वाजत राहिला. पुन्हा लावला.

“शेडबाळेंचा ऑपरेटर कोण? नंबर दे.”

“पूजेत फोन उचलतंय कोण आक्का?”

“मग ओरड! भिंतीवरून ओरड!”

धनाजी ओरडला. खरंच ओरडला, घशाच्या शिरा फुगेपर्यंत. पलीकडून आरतीच्या टाळ्या आल्या आणि एक बाई हसत म्हणाली, “आलो आलो, पेढा ठेवा आमचा!”

मग सगळ्या रस्त्यावरचे खटके वर गेले.

आवाज असा आला नाहीच. दिवे पिवळे झाले, तांबडे झाले, आणि परत पांढरे झाले. डोळा लवावा एवढं. मग कॉम्प्रेसर घरघरले, सगळीकडून, आणि माणसांनी आनंदानं टाळ्या पिटल्या.

धनाजीचा हात खटक्यावर तसाच होता, खाली. त्याची पेटी बॅटरीवर शांत उभी होती.

भिंतीपलीकडून आवाज आला. बारीक, कोरडा.

खट. खट. खट.

मग फुसफुस. मोठ्या प्राण्यानं नाकातून श्वास सोडावा तशी. शेडबाळेंच्या आवारातल्या लिंबावर पांढरा पट्टा चढला आणि पानं वळायला लागली. वास आला, डोळ्यात चुना गेल्यासारखा. हसणं थांबलं. नंतर जे सुरू झालं त्यातलं कल्पनाचं कुठलं हे ओळखू येत नव्हतं.

धनाजीनं पाण्याच्या बादलीत टॉवेल बुडवला, तोंडाला गुंडाळला आणि पळाला.

“धना, तिथं चाक नाही! बंद करायला चाकच नाही रे!”

“बाया हायेत!” एवढंच तो म्हणाला आणि पांढऱ्यात शिरला.

तिच्या हातातला फोन वाजला. अप्पासाहेब.

“बोल पोरी, पूजेत होतो. माझ्यातलं झालं बघ व्यवस्थित. काय म्हणत होतीस, भोंगा?”

ती रस्त्यावर आली होती. इथून चार-पाच ठिकाणी पांढरं दिसत होतं. मधली शीतगृहं धडधाकट होती, आणि तिथली माणसं फाटकात येऊन काय झालं म्हणून बघत होती. पुढचं कुठलं फुटणार, की कुठलं आधीच फुटलंय आणि अजून कुणाला कळलं नाही, हे सांगता येत नव्हतं. सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं गावात एकच होतं.

“वाजवू का गं?”

“नको!” ती किंचाळली. “अप्पा, भोंगा वाजला की लोक मशीनकडं जातात! सगळी आत शिरतील! फोन करा, अग्निशमनला, दवाखान्याला, पण भोंगा नको!”

तिनं फोन ठेवायच्या आत दुसरा आला. पुण्याचा. इतक्या लवकर त्यांना कळलं होतं, कारण पेट्या कंपनीला कळवत असतात. माणसाला कळवायची सोय कुणी केली नव्हती.

“राजश्री,” कार्लेकर म्हणाले. आवाज तसाच, मधासारखा. “तू आत्ता तिथेच आहेस ना? शांतपणे सांग. आज कुठल्या पेटीला हात लावलास?”

तिला क्षणभर समजलं नाही. मग समजलं. हात लावल्याशिवाय होत नाही. कागदावर तसं लिहिलेलं होतं, आणि आता त्यांना एक हात पाहिजे होता.

फोन तिनं बंदही केला नाही. तसाच मातीत पडला, त्यातून “हॅलो, हॅलो” येत राहिलं. पदर ओला करून तोंडावर धरला आणि ती वाऱ्याला आडवी धावायला लागली, शेवटच्या टोकाकडं, जिथं अजून कुणाला काही माहीत नव्हतं.

“मशीनपासून लांब! ओढ्याकडं पळा! वाऱ्याला आडवं पळा!”

आवाज चालत जातो, पण तिचा पुढच्या फाटकापर्यंतच पोचत होता. घसा सोलवटला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं म्हणून फाटकं नीट दिसत नव्हती. एका फाटकाशी धोतर-टोपीतला म्हातारा ऑपरेटर उभा होता, हातात ताट, कपाळावर गुलाल. ही बाई पळत का येतेय हे त्याला कळेना, सणाचा दिवस, तो आपला हसला. त्याच्या मागं उघड्या दारातून, जमिनीलगत, दुधासारखं पांढरं काहीतरी हळूहळू बाहेर येत होतं.

“ताई, पळताय कुठं?” त्यानं ताट पुढं केलं. “थांबा की जरा, पेढा घेऊन जावा.”